गव्हर्नरच्या कोपऱ्यात बारा माणसं

आयोवातल्या माणसाला विचारा, यंदा राष्ट्राध्यक्षपदासाठी कोण? तो हनुवटी खाजवत म्हणणार, "अजून ठरलं नाही बुवा. सिनेटरबाईंना चारदाच भेटलोय." चारदाच! बाकीचा देश त्या बाईला टीव्हीवर बघून गपगुमान मत देतो. आणि आमच्या एल्डर्न गावात उमेदवाराने घरी येऊन, बूट दारात काढून, दालचिनीचा रोल खाऊन, वर दुसरा मागून घेतल्याशिवाय लोकांचं ठरतच नाही.

आर्डिस बेरेन्सला या सगळ्याचा मनापासून वीट आला होता. अठ्ठावीस वर्षं, म्हणजे निवडणुकीचे सात मोसम, ती गावच्या कॉकसची, म्हणजे आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहून मत द्यायच्या पक्षसभेची, अध्यक्ष होती. तिने उमेदवार बघितले ते किती! नव्या चौकड्याच्या शर्टावर पाकिटातली घडी तशीच, आणि म्हणे मी शेतकऱ्याचा नातू. यंदाचा तो कोट्यधीश तर फोटोसाठी कापणीच्या यंत्रावर चढला आणि त्याला खाली उतरता येईना. अग्निशमन दलाची शिडी मागवावी लागली. दुसऱ्या दिवशी त्याच्या माणसांनी पत्रक काढलं की साहेबांना पिकांची पाहणी वरून करायची होती. सिनेटरबाईंनी जत्रेत डुकराच्या पिल्लाला कडेवर घेतलं, पिल्लाने व्हायचं ते केलं, आणि बाई तोच कोट घालून तीन सभांत बोलल्या. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

पक्षाचे लोक म्हणाल तर त्यांच्यापेक्षा ते पिल्लू बरं. उपाध्यक्ष जोलीन फॉसमला बरीच वर्षं आर्डिसच्या खुर्चीची हाव होती. जोलीन सिनेटरबाईंच्या गटाची. शाळेच्या व्यायामशाळेत कोणत्या गटाने कोणता कोपरा घ्यायचा यावर समितीच्या दोन बैठका वाया गेल्या, कारण धावफलकाखालच्या कोपऱ्यात गरम हवेचा झोत येतो. जोलीनने त्यापायी दोनदा राजीनामा दिला आणि दोन्ही वेळा संध्याकाळच्या आत परत घेतला. शेवटी कॉफीचीही वाटणी झाली. सिनेटरवाल्यांचं कॉफीचं पिंप वेगळं, बाकीच्यांचं वेगळं. मोठे निघाले देश सुधारायला!

आर्डिस कुणाचीच नव्हती. दर वेळी ती 'अजून ठरलं नाही' असं लिहिलेल्या कोपऱ्यात उभी राहायची, आणि तो कोपरा मोडला की गप्प टेबलाशी येऊन बसायची. अध्यक्षाने कुणाची बाजू घेऊ नये, असं ती नव्या लोकांना दटावून सांगायची. यंदा मात्र तिला धास्ती होती, आणि त्याचं कारण तिचा नवरा मर्ल.

दोन वर्षांपूर्वी गावच्या हॉस्पिटलने बाळंतपणाचा विभाग बंद केला. परवडत नाही म्हणाले. त्याच हिवाळ्यात त्यांच्या मुलीला, क्रिस्टाला, वेळेआधी कळा सुरू झाल्या. जावई कामावर दूर होता, आर्डिस बहिणीकडे. मर्लने मुलीला गाडीत घातलं आणि बावन्न मैलांवरच्या हॉस्पिटलकडे निघाला. बाळ वाटेतच झालं, रस्त्याच्या कडेला, बर्फात. वाचलं नाही. त्यानंतर मर्ल खिडकीजवळच्या खुर्चीत जो बसला तो बसलाच. टीव्ही बंद, दाढी वाढलेली, विचारलं तर "हं". दीड वर्ष आर्डिसने त्या "हं"वर संसार केला.

मग ऑगस्टमध्ये तिसरा उमेदवार आला, एक गव्हर्नर. घरं-जमिनी विकणारा कर्टिस हॅम्लिन त्याच्या प्रचाराचा गावातला प्रमुख. त्याला सभेसाठी एखादं स्वयंपाकघर हवं होतं, आर्डिसने दिलं. कोण कुठला पश्चिमेकडचा गव्हर्नर, दात पांढरेशुभ्र, हातात कॉफीचा मग. त्याने मर्लला विचारलं, "तुमचं काय म्हणणं, दादा?" आणि मर्ल बोलायला लागला! जे बायकोला कधी सांगितलं नाही ते त्या परक्या माणसापुढे सांगायला लागला. आर्डिस बशा विसळण्याचं निमित्त करून बाहेर गेली, तिला ऐकवेना. परत आली तेव्हा गव्हर्नरचा हात मर्लच्या खांद्यावर होता आणि तो म्हणत होता, "मी हे विसरणार नाही. गावोगावची ही हॉस्पिटलं हेच माझं पहिलं काम."

सात मोसमांत खांद्यावरचे असले हात आर्डिसने रग्गड बघितले होते. तिला त्या माणसाचं काडीचंही कौतुक नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मर्लने दाढी केली. तिसऱ्या दिवशी टोपी घालून बाहेर पडला. पाच महिने तो घरोघर जाऊन दारं ठोठावत होता, पत्रकं वाटत होता, कुत्र्यांच्या शिव्या आणि माणसांचं भुंकणं दोन्ही ऐकत होता. गव्हर्नर पडला तर पडो, तिच्या बापाचं काय जातं? पण मर्लच्या कोपऱ्यात आज पुरेशी माणसं जमली नाहीत, तर तो घरी जाऊन पुन्हा त्या खुर्चीत बसेल, आणि या खेपेला उठायचा नाही. तिला भीती होती ती एवढीच.

कॉकसच्या रात्री सात वाजता व्यायामशाळेची दारं बंद झाली. चौऱ्याऐंशी डोकी. ज्या गटात शेकडा पंधरा माणसं नाहीत तो गट बाद, म्हणजे आज किमान तेरा हवीत. लोक आपापल्या कोपऱ्यात गेले. जायला काय लागतं? पण नाही! दाताचे डॉक्टर एक पाय इथे, एक पाय तिथे ठेवून उभे. विचारलं तर म्हणे, "दोन्हीकडे माझे पेशंट आहेत." एक आजोबा मोजणीच्या वेळी शौचालयात जाऊन बसले, कारण बायको एका कोपऱ्यात आणि मेव्हणी दुसऱ्या. त्यांना बाहेर काढायला दहा मिनिटं गेली.

मोजणी झाली. सिनेटरबाई एक्केचाळीस, कोट्यधीश चोवीस, गव्हर्नर बारा. 'अजून ठरलं नाही'मध्ये सात, त्यात आर्डिस.

"बारा?" मर्लने स्वतः पुन्हा मोजलं. "परत मोज, आर्डिस."

"दोनदा मोजलंय रे."

"असू दे. पंधरा मिनिटं आहेत ना गट बदलायला? एकच पाहिजे." त्याचे कान लाल झाले होते, डोळे चमकत होते. त्याला असं बघून तिला रडू आणि राग एकदमच आला.

मग तो बाजार सुरू झाला, ज्याला हे लोक लोकशाही म्हणतात. न ठरलेल्या सहा जणांभोवती माणसं गोळा झाली. जोलीनने लिंबाच्या वड्यांचा डबा उघडला. कोट्यधीशाच्या माणसांनी लोकरीच्या टोप्या वाटायला काढल्या. मर्लकडे काहीच नव्हतं. तो एकेकाला आपलं हॉस्पिटलचं सांगत होता.

"मर्ल, वाईट झालं हो तुमचं," एक बाई वडी चावत म्हणाली. "पण सिनेटरबाई निवडून येण्यासारख्या आहेत ना." आणि गेली वडीच्या मागे. चौघं तिकडे गेली, दोघं टोपी घालून कोट्यधीशाकडे. अठरा वर्षांवरची, धडधाकट, टॅक्स भरणारी माणसं! त्यांची मतं एका वडीत गेली.

कोपऱ्यात आर्डिस एकटी उरली. मर्ल तिच्याकडे बघत होता, पण बोलत नव्हता. तिचा नियम त्याला ठाऊक होता, म्हणून त्याने मागितलं नाही. त्याने मागितलं असतं तर ती कदाचित रागावली असती. न मागता तो नुसता उभा राहिला आणि तिचा नाइलाज झाला. तिने कागद बगलेत धरले आणि चालत गव्हर्नरच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

"तेरा!" मर्ल ओरडला.

"अरे वा, अध्यक्षबाई!" जोलीन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "अठ्ठावीस वर्षांचा उपवास आज सुटला वाटतं!"

"हो, सुटला. तुझ्या वडीने नाही सुटला, एवढंच," आर्डिस म्हणाली. मर्लने तिचा हात धरला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

पाच मिनिटं उरली असताना कर्टिसचा फोन वाजला. त्याने निरोप वाचला, घसा खाकरला आणि घर विकताना काढतो तो गोड आवाज काढला.

"मंडळी, वरून निरोप आहे. राज्यभर आपलं काही जमत नाहीये. कोट्यधीशाला अडवायचं तर आपण सगळ्यांनी सिनेटरबाईंच्या गटात जायचंय. गव्हर्नरसाहेबांचं आणि त्यांचं बोलणं झालंय."

"पण आपण तेरा आहोत," मर्ल म्हणाला.

"इथे आहोत रे. इतर ठिकाणी नाही ना."

"त्याने स्वतः सांगितलं तुला?"

"स्वतः म्हणजे... त्यांच्या ऑफिसातून आलंय."

"आणि त्याला काय मिळणार?"

कर्टिसने खांदे उडवले. "मंत्रिपदाचं चाललंय असं ऐकतो. चांगलंच आहे ना आपल्याला!"

"आणि हॉस्पिटल?"

"ते आता सिनेटरबाई बघतील."

मर्ल जोलीनकडे वळला. "बघतील का गं?"

"आमचं आरोग्याचं चाळीस पानी धोरण आहे, मर्ल. वाच की," जोलीन म्हणाली, आणि तिने येणाऱ्यांसाठी डबा पुढे केला.

कोपरा रिकामा व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पाच महिने मर्लबरोबर बर्फ तुडवलेली माणसं, त्याच्या डब्यातली सँडविचं खाल्लेली माणसं, मान खाली घालून पलीकडे गेली. काहींनी जाता जाता त्याचा खांदा थोपटला. या लोकांना खांद्याशिवाय दुसरं काही सुचतच नाही! दोघांनी कोट घातले आणि घरची वाट धरली, त्यांचं त्यातल्या त्यात बरं. उरले मर्ल आणि आर्डिस.

"नियमाने दोघांचा गट होत नाही," जोलीन म्हणाली. "इकडे या, नाहीतर बाकावर बसा."

मर्ल कडेच्या लाकडी बाकावर जाऊन बसला, हात मांड्यांमध्ये धरून. खुर्चीत बसायचा अगदी तसाच. आर्डिसला टेबलाशी जावं लागलं, निकाल वाचावा लागला. जिल्ह्याच्या मेळाव्यासाठी सिनेटरबाईंना चार प्रतिनिधी, कोट्यधीशाला दोन. जल्लोष झाला. सहा प्रतिनिधींसाठी केवढा तो जल्लोष! मग सगळ्यांनी आपले डबे, टोप्या, फलक उचलले आणि पाच मिनिटांत व्यायामशाळा ओस पडली.

खरं तर सभा संपलेली नसते. त्यानंतर पक्षाच्या जाहीरनाम्यासाठी गावाचे ठराव घ्यायचे असतात. राष्ट्राध्यक्ष कोण यापेक्षा आपल्याला काय हवं हे सांगायची ती वेळ, म्हणून साहजिकच तेव्हा कुणी थांबत नाही. आर्डिस दर वेळी रिकाम्या खुर्च्यांना विचारायची, दहा सेकंद थांबायची आणि सही करायची. आजही तिने मान वर न करता विचारलं, "कुणाचा ठराव?"

"माझा," मर्ल म्हणाला.

तो उठून उभा राहिला होता. सभागृहात आता चौघंच, तो, ती, टिपणं घेणारी जोलीन आणि फलक गोळा करणारा कर्टिस.

"एल्डर्नच्या हॉस्पिटलात बाळंतपणाचा विभाग पुन्हा सुरू करावा," मर्ल म्हणाला. "कारण असं लिही, की माझी नात अकरा मिनिटं जगली. गाडीतल्या घड्याळात मी बघत होतो. श्वास घेत होती. मला काय करायचं ते माहीत नव्हतं. ते माहीत असलेलं माणूस बावन्न मैलांवर होतं."

अकरा मिनिटं. आर्डिसला हे माहीतच नव्हतं. क्रिस्टा तेव्हा शुद्धीवर नव्हती, आणि मर्लने सगळ्यांना सांगितलं होतं की बाळ मेलेलंच जन्मलं. या माणसाने ती अकरा मिनिटं एकट्याने उरावर वागवली होती, आणि ती समजत होती की तो नुसता बसलाय.

"अनुमोदन?" तिने विचारलं.

अनुमोदनाशिवाय ठराव मतालाच जात नाही. कर्टिस फलकाची काठी सोलत बसला. "मी... माझं गव्हर्नरसाहेबांना विचारल्याशिवाय..."

"जोलीन?"

"मी टिपणं घेतेय ना गं."

अध्यक्षाला अनुमोदन देता येत नाही. अठ्ठावीस वर्षं हे तिनेच सगळ्यांना घोकायला लावलं होतं. आर्डिसने गळ्यातला अध्यक्षाचा बिल्ला काढला आणि जोलीनपुढे ठेवला. "घे. आजपासून तूच अध्यक्ष. राजीनामा उद्या लेखी देते, आणि मी तो संध्याकाळी परत घेत नाही."

जोलीनने बिल्ला घेतला, लगेच घेतला.

आर्डिस टेबलाला वळसा घालून मर्लशेजारी उभी राहिली. "माझं अनुमोदन."

"मत," जोलीन म्हणाली. दोन हात वर झाले. कर्टिसने इकडेतिकडे पाहिलं, कुणी फोटो काढत नाही हे बघितलं आणि हात खिशात घातले. "दोन विरुद्ध शून्य. मंजूर." तिने वही मिटायला घेतली. "हे पुढे कुणी वाचत नाही हं, मर्ल. जिल्ह्याला असे हजार येतात."

"माहीत आहे मला," मर्ल म्हणाला. "तू काय लिहिलंस ते वाचून दाखव."

"आत्ता?"

"अध्यक्ष आहेस ना? वाच."

जोलीनने वही उघडली. विभाग, हॉस्पिटल, पुन्हा सुरू करावा, इथपर्यंत तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. अकरा मिनिटांपाशी ती अडखळली, खाली बघून पुढचं भराभर उरकलं आणि बिल्ला उगाच चाचपला.

"नीट नाही आलं," मर्ल म्हणाला. "परत वाच."