चार्जानंद महाराज चढाला लागतात

"वाढले! वाढले! चार्जानंद महाराज की जय!"

घाटाच्या पायथ्याशी अख्खं कुडपण गाव वैशालीच्या इलेक्ट्रिक रिक्षाभोवती गोळा झालं होतं. वर गावात बॅटरी अकरा टक्के होती. महाराजांनी हँडलला अंगारा फासला, मागं बसून "ॐ व्होल्टाय नमः" सुरू केलं, आणि खाली उतरेस्तोवर चौदा! सलग तिसरा दिवस.

सरपंच किशोर गहिवरला. "आता चार्जिंग पॉइंट कशाला? त्याला ठेवलेली जागा महाराजांच्या मठाला. सांजच्या सभेत हात वर करा, म्हंजे झालं."

वैशालीचं तोंड उतरलं. घरच्या प्लगला रिक्षा लावली की वाडीचा फ्यूज उडायचा. पॉइंट नाही झाला, तर रिक्षा विकायची पाळी. "अहो, हे उतारानं होतंय," तिनं तीनदा सांगून पाहिलं.

"गप गो, तुला काय कळतंय?" तीनदा तेच उत्तर.

तिची सासू येसूबाई मात्र महाराजांकडं टक लावून बघत होती. पहिल्या दिवशी नारळ तिनंच वाढवला होता. पण ते आता तिच्या लक्षात नव्हतं, आणि आठवण करून द्यायची कुणाची छाती नव्हती.

"म्हाराज, उतरताना रिक्षात बसता. चढताना किशोरच्या जीपमधी का ओ?"

"माते, चढावर ग्रह उलटे फिरतात."

"फिरूदेत. मी हाय सरळ करायला. बसा!"

महाराज बसले, शेजारी येसूबाई. तिच्यापुढं न बसून करतात काय! रिक्षा चढू लागली, मागून जीपभर भक्त आणि पायी बाकीचं गाव. चौदा. बारा. नऊ. महाराजांनी अंगारा उधळला आणि स्वतःच शिंकले. सहा.

"मंत्राचा आवाज वाढवा!" येसूबाई ओरडली.

तिसऱ्या वळणावर मंत्र चालू आणि रिक्षा बंद.

"आता उतरा नि ढकला." येसूबाईनं महाराजांना खाली उतरवून रिक्षाच्या मागं लावलं.

जीपमधले भक्त खो-खो हसले. किशोरनं मान खाली घालून विचारलं, "वैशाली, मग आकडा वाढायचा कसा गो?"

"उताराला अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाकंच मोटर फिरवतात. मग मोटर वीज तयार करते, ती बॅटरीत जाते. सायकलच्या डायनामोवर दिवा लागायचा ना, तसंच. चढाला ती खर्च होते. पुन्हा भरायला पॉइंटच लागतो."

येसूबाईनं पदर खोचला. "ऐकलंत? कुनी चमत्कार दाखवला की इचारायचं, कसा केलास? उलटीकडनं करून दाखव म्हनायचं. त्याला शाळा लागत नाय, तोंड लागतं. सभा हितंच! पॉइंट पायजे त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर गेले. घाबरून महाराजांचेही निघाले होते, तोच येसूबाई कडाडली,

"तुमचे ऱ्हाऊदेत रिक्षाला! गाडी मागं येईल."