ठिणगीबाबांचे सिद्ध प्लग आणि आवडाबाईंचा नारळ

प्रस्तुत कथेत एका ट्रकला जडलेली तथाकथित पीडा, तिच्या निवारणार्थ अवतरलेले एक बाबा, आणि त्या दोहोंचा एका नववधूने केलेला उलगडा यांचे यथाशक्ती निवेदन करण्यात येणार आहे. वाचकांनी ते शांत चित्ताने वाचावे. मात्र हसू आल्यास दाबून ठेवू नये.

सन १९८६ चा हिवाळा. कोलशेतच्या खाडीकाठी आवडाबाई तांडेल यांच्या अंगणात पाय ठेवावयास जागा उरली नव्हती. वाळत घातलेली जाळी गुंडाळून लोक कडेने दाटले होते. मध्यभागी आवडाबाईंचा ट्रक उभा होता : लष्कराच्या लिलावातून आणलेला, पेट्रोलवर चालणारा, वयोवृद्ध. त्याचे बॉनेट उघडे होते आणि त्यापुढे शहाडहून आलेले ठिणगीबाबा डोळे मिटून उभे होते. त्यांच्या गळ्यात रुद्राक्षांऐवजी जुन्या स्पार्क प्लगांची माळ होती.

हा ट्रक कल्याणच्या बाजारात मासळी पोहोचवीत असे. आवडाबाईंचा पुत्र दामाजी याचा विवाह विठ्ठलवाडीच्या सगुणाशी झाला व वधूला याच ट्रकमधून आणले गेले. मात्र वेशीवर पोहोचताच ट्रक खोकला, थरथरला आणि बंद पडला. तेव्हापासून दर फेरीच्या प्रारंभी तो खोकू लागला. "सून पांढऱ्या पायाची," अशी कुजबुज सुरू झाली. मी बर्फाच्या कारखान्यात नोकरीस असल्याने ती कुजबुज प्रत्येक लादीबरोबर माझ्या कानी येत असे.

"गाडीचा नंबर बोला!" बाबा गरजले.

दामाजीने नंबर सांगितला. बाबांनी बोटांवर बेरीज केली.

"आठ! शनीची गाडी! आणि आत प्लग कुठले? मंगळाचे, गरम! शनीला थंड प्लग लागतो. मी माझे सिद्ध प्लग हिमालयात बर्फावर ठेवून थंड केलेत."

"अवं बाबा, बर्फ तर हितं कारखान्यात बी मिलतो," शेजारची म्हातारी जनाबाई म्हणाली. "उगाच येवढं लांब गेलाव!"

बाबांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले. "मी नुसता प्लग बदलत नाही, इंजिनाच्या आत्म्याचं ट्यूनिंग करतो. पिकप वाढेल, ॲव्हरेज वाढेल, मुंब्र्याच्या चढावर गाडी हरणासारखी पळेल! आवडाबाई, फोडा नारळ. प्लगांच्या खळग्यांवर, बरोबर मध्ये. सूनबाई, समोर उभी राहा."

आवडाबाईंनी नारळ फोडला, दामाजीने स्टार्टर दाबला. ट्रक फट्‌फट् करीत खोकला आणि गप्प झाला.

"पाहिलंत? सून समोर आली आणि यंत्र गुदमरलं! न्या तिला आत!"

सगुणाला घरात धाडण्यात आले. बाबांच्या शिष्याने सहाही प्लग काढले, खळगे भगव्या रुमालाने कोरडे पुसले आणि सिद्ध प्लग बसविले. ट्रक एका दमात सुरू झाला. जयजयकाराने खाडीवरचे बगळे उडाले.

"आता या गाडीत, या घरात ती नको," बाबांनी निर्णय दिला. "आजच माहेरी पोचवा. कायमची."

दामाजीची मान खाली गेली. आवडाबाईंनी पदर तोंडाशी नेला. तेवढ्यात ओटीवरून सगुणा बोलली.

"मी जाते. पण आई, गाडी निघताना नारळ फोडायची आपली रीत आहे ना? मी आतच बसते. तुमच्या हातानं या नव्या प्लगांवर फोडा."

"नारळ झाला!" बाबा लगबगीने म्हणाले. "दोनदा चालत नाही!"

"का वं? देवाचा नारल तुमच्या प्लगला जड झाला काय?" जनाबाईने विचारले आणि अंगण खदखदले.

आवडाबाई म्हणाल्या, "नारल फोडल्याबिगर माजी गाडी वेशीभाईर जात नाय." आणि त्यांनी सिद्ध प्लगांवर नारळ फोडला.

दामाजीने स्टार्टर दाबला. फट्‌, फट्‌. सामसूम.

"तिची सावली पडली!" बाबा ओरडले.

"ती घरात, गाडी अंगणात. सावली काय चालत आली?" जनाबाई म्हणाली.

सगुणा कोरडे फडके घेऊन बाहेर आली. तिने दामाजीकडे पाहिले. "आपले जुनेच प्लग लावा. पण आधी सगळं पुसून काढा."

दामाजीने खळगे पुसले, प्लगांची पांढरी चिनीमाती पुसली, वायरी पुसल्या. सगुणा मडगार्डवर दोन्ही हात ठेवून ऐन समोर उभी राहिली. ट्रक पहिल्याच दमात गुरगुरला आणि चालू राहिला.

"लग्नाच्या दिवशी मी केबिनमध्ये बसलेले," ती म्हणाली. "विठ्ठलवाडीपासून गाडी सुरेख आलेली. वेशीवर बॉनेट उघडून इंजिनावर नारळ फोडला आणि बंद पडली. मग ती खोकते म्हणून दर फेरीला नारळ, आणि नारळ म्हणून ती खोकते!"

वाचकहो, कोळीबांधव होडी पाण्यात लोटताना तिच्या पुढच्या टोकावर नारळ फोडतात. तोच मान त्यांनी प्रेमाने ट्रकच्या इंजिनास दिला. परंतु होडीच्या टोकाला प्लग नसतात! नारळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यातून वीज वाहते. प्लगच्या ओल्या चिनीमातीवरून ती परस्पर निसटते, आत ठिणगी पडत नाही. इंजिन तापून पाणी वाळले की गाडी आपोआप सुधारते. बाबांना हे मर्म ठाऊक होते. त्यांची सिद्धी त्या भगव्या रुमालात होती.

बाबा माळ सावरीत निघाले, तेव्हा आवडाबाईंनी हाक मारली. "बाबा, थांबा! खोबरं घेऊन जा. दोन नारलांचं हाय, वाटंत भूक लागंल."

मग त्या सुनेकडे वळल्या. त्यांनी केबिनचे दार स्वतः उघडले.

"पुढं बस गो सगुणे. आज बाजारात तू चल. आणि दामाजी, उद्यापास्नं नारल त्या धक्क्याच्या दगडावर."

गरम वा थंड प्लग खरोखरच असतात, बंधुभगिनींनो. परंतु त्यांची निवड इंजिन पाहून करावी, ग्रह पाहून नव्हे. आणि यंत्र बिघडल्यास प्रथम यंत्रात पाहावे, घरच्या लेकीसुनेच्या पायांत नव्हे. श्रद्धेचा नारळ अवश्य फोडावा, मात्र त्याचे पाणी कोठे जाते याकडे डोळे उघडे ठेवून लक्ष द्यावे.

हे शब्द आपण येथवर वाचलेत, त्याबद्दल कारखान्यातील बर्फाने गारठलेले माझे दोन्ही हात जोडून आभार मानतो.

आपला,
विश्राम रामा भोईर, कोलशेत