दीपगृहामागचा किनारा

समुद्रावर सुट्टीला जाणारी माणसं किती तऱ्हेवाईक असतात, हे माझ्या खुर्चीत बसल्याशिवाय कळायचं नाही. एकाला खोलीतून समुद्र दिसायला हवा, पण लाटांचा आवाज नको. एकीला किल्ला बघायचाय, पण पायऱ्या नकोत. परवा एक काका विचारत होते, "भरती सकाळच्या चहानंतर ठेवता येईल का?" म्हटलं, "काका, समुद्राला विचारून कळवते." त्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि फोन नंबर ठेवून गेले. आता बोला!

आमचं ऑफिस म्हणजे औषधांच्या दुकानावरचा एक गाळा. दोन टेबलं, भिंतीवर किनारपट्टीचा मोठा नकाशा, आणि एक पंखा, जो फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त. त्या एकाच किनारपट्टीच्या सहली आम्ही आखतो. नारळाच्या बागेतल्या खोल्या, वाळूचे किनारे, समुद्रात शिरलेला जुना किल्ला, परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारी, दीपगृह. 'आम्ही' तोंडात बसलंय, पण आता मी एकटीच आहे. दुसरं टेबल माझ्या नवऱ्याचं. सगळा बाजार त्याला कप्तान म्हणायचा. होडीत पाय ठेवला की ओकायचा, पण ऐट मात्र कप्तानाची.

त्याचा एक नियम होता. स्वतःचे पाय भिजवल्याशिवाय किनारा विकायचा नाही. "लोक काय, काहीही सांगतात," म्हणायचा. ऐकीव माहितीवर त्याने एक खोली घेतली नाही की एक वाट कुणाला सुचवली नाही. त्या वर्षी दीपगृहामागचा किनारा तेवढा बघायचा राहिला होता. आम्ही तिघंही गेलो. पोर दुसरीत होती, आणि लॉजवर पोचताच तापाने फणफणली. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. मी उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होते. संध्याकाळी कप्तान म्हणाला, "अगं, तेवढे पाय भिजवून येतो. मी येईपर्यंत ताप उतरलेला असेल बघ."

ताप उतरला. तो आला नाही. खडकावर शर्ट आणि चपला सापडल्या. बाकी काही समुद्राने परत दिलं नाही.

तो किनारा मी आमच्या सहलींतून काढून टाकला. नकाशावर त्या जागी फुली मारली, ती इतक्या रागाने की कागदच फाटला. पण लोकांचे पाय काय मी बांधून ठेवणार? दीपगृह बघायला गेलेली माणसं मागच्या पायवाटेने खाली उतरायचीच.

पोर कॉलेजात गेली त्या वर्षी पहिल्यांदा एक मास्तर आले, निवृत्त, सोबत बायको. सहल आवडली म्हणून सांगायला मुद्दाम जिना चढून आले होते. म्हणाले, "बाई, सगळं झकास. आणि किनाऱ्यावर तुम्ही माणूस ठेवलाय ते तर फारच उत्तम केलंत."

"कुठला माणूस?"

"दीपगृहाच्या मागे. आम्ही पाण्यात उतरणार तेवढ्यात त्याने अडवलं. म्हणाला, इथे नका उतरू, खाली ओढ आहे. कुठून आलात म्हणून विचारलं, तुमचं नाव सांगितलं तर चेहरा खुलला बिचाऱ्याचा."

"आमचा तिथे कुणीही नाही," मी तोडूनच टाकलं. "कुणी भामटा असेल."

"भामटा नव्हता हो," मास्तरांची बायको म्हणाली. "पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगात नुसता बनियन. अंगावरून पाणी निथळत होतं नुसतं. पण पायाखालची वाळू कोरडी. मला जरा चमत्कारिकच वाटलं. आणि सारखं एकच विचारत होता, पोरीचा ताप उतरला का म्हणून."

माझ्या हातातला पेन खाली पडला. तो उचलायला मी वाकले आणि बराच वेळ टेबलाखालीच राहिले. वर आले तेव्हा मास्तर पाण्याचा ग्लास घेऊन उभे होते.

त्यानंतर मी काय करायला हवं होतं, ते एखाद्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. पुढच्या पाहुण्यांसोबत निरोप धाडायचा, 'ताप उतरला, काळजी नको.' एवढंच. मी तसं केलं नाही. मी काय केलं, तर फुली मारलेला तो किनारा पुन्हा सहलीत घातला. 'संध्याकाळ मोकळी. दीपगृहामागे जरूर फिरून या.' पाण्यात कुणी बुडणार नाही याची मला खात्री होती. तो कुणाला उतरूच द्यायचा नाही. माणसं परत आली की मी त्यांना बसवून चहा पाजायचे आणि उगाच इकडचं तिकडचं विचारत हळूच तिथे आणायचे. दिसला का? बरा दिसत होता का? काय म्हणाला? प्रत्येकाचं उत्तर तेच. निथळत होता आणि पोरीचा ताप विचारत होता.

निरोप मिळाला की तो जाईल, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या एका प्रश्नावर तर तो तिथे उभा होता. आणि मला तो हवा होता. ओला, अर्धामुर्धा, कसाही. मी स्वतः जायची हिंमत मात्र कधी केली नाही. समोर उभी राहिले असते तर त्याने मलाच विचारलं असतं, आणि त्याच्याशी खोटं बोलणं मला जन्मात जमलं नाही.

पोरीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिचं कॉलेज संपलं, ती दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. या वर्षी तिला लांबलचक सुट्टी मिळाली. एका मैत्रिणीला घेऊन समुद्रावर जायचं तिच्या मनात आलं, आणि ती थेट ऑफिसात येऊन गिऱ्हाईक बसतात त्या खुर्चीत बसली.

"हं, आखा बाई आमची सहल," ती म्हणाली. "आणि मला तो किनाराही बघायचाय. बाबांचा."

"तिकडे काही बघण्यासारखं नाही," मी नकाशाकडे न बघता म्हटलं. "किल्ल्याचं सांगते. सकाळी लवकर जा, ऊन चढलं की दगड तापतात. वखारीत आता संग्रहालय केलंय..."

"आई, विषय बदलू नकोस."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि एक परिचारिका आत आली. मागच्याच आठवड्यात ती सहलीवरून परतली होती. उभ्याउभ्याच बोलायला लागली. "मावशी, तुमच्या त्या किनाऱ्यावरच्या माणसाला कुणीतरी सांगा हो एकदा. दोन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीला विचारत होता, आता मला. पोरीचा ताप उतरला का, उतरला का. इतका कसला हट्टी ताप? चांगल्या डॉक्टरला तरी दाखवा म्हणावं!"

मी तिला खुणा करत होते, पण तिचं लक्ष असेल तर ना. ती बोलून मोकळी झाली आणि आली तशी निघून गेली. पंख्याची तेवढी कुरकुर राहिली.

पोर पांढरीफटक पडली होती. "कुठला माणूस?" तिने विचारलं, आणि माझ्या तोंडाकडे बघितल्यावर उत्तराची वाटही बघितली नाही. "कधीपासून?"

"तू कॉलेजात होतीस."

"आणि इतक्या वर्षांत तू एक निरोप पाठवला नाहीस?"

"पाठवला की तो जाईल गं!" मी ओरडलेच. खालच्या दुकानात ऐकू गेलं असेल. "तुला काय जातंय बोलायला? तुझ्या तर तो लक्षातही नाही. माझं एवढंच उरलंय. कुणी ना कुणी येतं आणि सांगतं, भेटला होता."

"लक्षात नाही, बरोबर आहे," ती म्हणाली. "मला फक्त पट्ट्यांचा गारवा आठवतो. पण मी बरी झाले, आई. शाळा झाली, कॉलेज झालं, नोकरीला लागले. आणि तो अजून माझ्या तापाच्या काळजीत उभा आहे, ते तुला बरं वाटावं म्हणून? रोज संध्याकाळी? काय केलंस हे?"

खरं सांगायचं तर मला रागच आला, तिचा, परिचारिकेचा, मास्तरांचा, सगळ्यांचा. मग राग ओसरला आणि लाज वाटली. मी खुर्ची पुढे ओढली आणि पोरीची सहल आखायला घेतली. आयुष्यात कुणाची आखली नसेल इतक्या काळजीने आखली. बागेतली खोली, किल्ला, वखार, ओहोटीला होडी. आणि संध्याकाळी दीपगृह. "त्याला सांग," मी म्हटलं, "आणि लगेच परत फीर. पाण्यात पाऊल टाकायचं नाही. माझी शपथ आहे."

फोन आला तेव्हा माझ्यासमोर ते भरतीवाले काका बसले होते. आता त्यांना कळायला हवं होतं, की खोलीतल्या उशा मऊ आहेत की टणक. मी त्यांना हातानेच थांबवलं.

"आई," पोर कुजबुजत होती. मागे लाटांचा आवाज होता. "आहे. इथेच आहे. थोडा लांब उभा आहे. आई, तो किती तरुण आहे गं! माझ्याहून थोडासाच मोठा वाटतो. मला ताई म्हणाला."

"ओळखलं नाही तुला?"

"कसा ओळखणार? त्याची पोर दुसरीत आहे. मी सांगितलं त्याला, ताप उतरला म्हणून. दोनदा सांगितलं. तर हसून म्हणतो, 'ताई, लोक काय, काहीही सांगतात. बायको उशाशी बसलीय, ती सांगेल तेव्हाच खरं.' आई, तो माझं ऐकत नाहीये."

काका खुर्चीत चुळबुळले. "उशा..." म्हणाले.

"मी फोन त्याच्यासमोर धरते," पोर म्हणाली. "तू बोल."

"नाही," मी म्हटलं. "अगं नाही, मला नाही जमणार..."

पण ती चालायला लागली होती. वाळूतली तिची पावलं मला ऐकू येत होती. मग ती थांबली, आणि फोनमध्ये पाणी ठिबकल्याचा आवाज यायला लागला. थेंब, थेंब, थेंब. आणि मग तो आवाज. तोच. एका दिवसानेही म्हातारा झालेला नव्हता.

"अगं, कशी आहे ती?"

मला केवढं सांगायचं होतं! माझे केस पिकले, गुडघे दुखतात. बाजारात तुझी अजून आठवण काढतात. पोर तुझ्यासारखीच हट्टी निघाली आणि या क्षणी तुझ्यासमोर फोन धरून उभी आहे, बघ की जरा नीट मेल्या! आणि नुसतं 'अजून थोडा ताप आहे' म्हटलं असतं, तर तो थांबला असता. उद्याही थांबला असता, परवाही. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.

"उतरला," मी म्हटलं. "पार उतरला. घाम आला आणि आता गाढ झोपलीय."

"नक्की ना?"

"मी हात लावून बघितलं रे."

त्याने केवढा मोठा श्वास सोडला. ठिबकणं थांबलं. "बरं झालं बाई," तो म्हणाला. "जीव टांगणीला लागला होता. बरं, मग येतो मी."

"सावकाश ये," मी म्हटलं.

पुढे नुसताच वारा होता. मग पोरीचा आवाज आला, फुटलेला. "आई, तो निघाला. पाण्याकडे नाही गेला गं. वर, रस्त्याला लागला, लॉजच्या. अनवाणीच भराभरा चाललाय. आई, मी एकदा हाक मारू? नुसतं 'बाबा' म्हणते. एकदाच. तो वळून बघेल."

काका आता उभे राहिले होते आणि घाबरून माझ्याकडे बघत होते, कारण माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि मी त्या पुसतही नव्हते.

"मारू ना, आई? लवकर सांग, वळणावर पोचला."

"नको बाळा," मी म्हटलं. "आधीच त्याला फार उशीर झालाय."