निशाची पेटी

स्टँडवर निजणाऱ्या पोरांना मी फुकट कधी खाऊ घातलं नाही. माझ्या झुणका-भाकर केंद्रात आधी हात धुवायचे, ताटल्या विसळायच्या, मग जेवायचं. निशा त्यातलीच. आई वारलेली, बाप गुत्त्यात पडलेला. पोरगी आठ वर्षांची. अजून थोडी मोठी झाली की स्टँडवर तिचं काय होईल, हे मला कुणी शिकवायला नको.

म्हणून उन्हाळाभर मुलींच्या बोर्डिंगात चपला झिजवल्या. तिथल्या श्यामलाबाई मला दर खेपेला उंबऱ्याबाहेर उभी ठेवायच्या. बस म्हणून कुणी म्हणालं नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "सोमवारी अकराला मुलगी समोर पाहिजे. नाहीतर जागा दुसरीला." मी पत्र्याची पेटी घेतली, वर निशाचं नाव रंगवून घेतलं.

सोमवारी बघते तर स्टँडवर एक पोर नाही. स्टँडमागं या पोरांसाठी एक संस्था आहे; तिथं सेवा करायला आलेल्या गोऱ्या पोरापोरींनी सगळ्यांना जीपमधून गगनबावड्याला नेलेलं. धुकं दाखवायला! ज्यांच्या अंगावर धड पांघरूण नाही, त्यांना धुकं दाखवायचं!

संध्याकाळी जीप आली. निशाच्या गालावर रंगवलेलं फुलपाखरू. तिचा हात धरून हॅना उतरली. इंग्लंडची उंच पोर, मागं संस्थेचा श्रेयस.

"श्रेयस, तुला सांगितलं हुतं की, सोमवारी पोरगी लागणार म्हणून!"

"आक्का, निशाच जीपमध्ये चढून बसली. हॅनाला नाही म्हणवेना."

"आठ वर्साचं पोर हिरीकडंबी पळतंय. सोडशील व्हय?"

त्यानं इंग्रजीत सांगितलं तशी हॅना रडायला लागली. आणि निशा फ्रॉकनं तिचे डोळे पुसू लागली.

"रडं थांबव म्हण तिला. जागा गेली कुणाची, आन् डोळं कोण पुसतंय!"

दुसऱ्या दिवशी पेटी डोक्यावर घेऊन निशाला बोर्डिंगात नेलं. मागून हॅना आणि श्रेयस आलेच. मी उंबऱ्याबाहेर पेटी खाली ठेवली. सासूपुढं कधी जोडले नव्हते ते हात जोडले.

श्यामलाबाईंनी मान वर केली नाही. "सोमवारी अकरा म्हणून सांगितलं होतं ना? जागा गेली."

मग त्यांना माझ्यामागं हॅना दिसली. बाई उठल्याच, तिला आत घेऊन गेल्या. खुर्ची आली, चहा आला. हॅना काहीबाही बोलली, श्रेयसनं मराठीत सांगितलं.

"अहो, एवढ्या लांबून आलेली पाहुणी! करू की काहीतरी." चहा निवायच्या आत जागा निघाली.

"मग मघाशी कुठं गेलती जागा?" मी विचारलं. बाईंना ऐकूच आलं नाही.

हॅना उठली, मला खुर्ची दाखवू लागली.

"बस तूच. तुझ्यासाठनंच आणलीया." श्रेयसला म्हटलं, "हे बी सांग की इंग्रजीत."

निशा हॅनाच्या गळ्यात पडली. "आक्का, दीदीनं मला बोर्डिंगात घातलं! दीदी रविवारी भेटायला येणार हाय!"

दीदीचं विमान शुक्रवारी होतं. सगळ्या संस्थेला ठाऊक, एका निशालाच नाही. हॅनानं माझ्याकडं बघितलं नाही.

"रविवारी मी येणार," मी म्हटलं. "चल, तुझी खोली बघू." पेटी पुन्हा डोक्यावर घेतली.

"बाई, चपला बाहेर काढा हो," श्यामलाबाई ओरडल्या.

हॅनाच्या पायात बूट होते, कालच्या चिखलाचे, पार टेबलापर्यंत ठसे उमटलेले. मी ठशांकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, आणि निशाचा हात धरून चपलांसकट आत गेले.