किल्ली कोणी दिली

गेली सतरा वर्षं ती लोकांना गाडी चालवायला शिकवत होती. तिच्या शेजारी बसून माणसांनी कचऱ्याचे डबे उडवले होते, एका गृहस्थाने तर गाडी थेट फुलवाल्याच्या दुकानात घातली होती, पण तिचा आवाज कधी चढला नव्हता. "परत एकदा, सावकाश," एवढंच म्हणायची. सगळी गल्ली तिला मास्तरीण म्हणायची. तिला राग येतो हे बऱ्याच जणांना त्या वर्षीच कळलं, आणि सगळ्यात उशिरा उमगलं ते तिच्या सख्ख्या भावाला.

दोघांचं घर एकच, वडिलांनी बांधलेलं. वर दादा आणि वहिनी, खाली मास्तरीण एकटी. दादा विमा कचेरीतून मोठा कारकून म्हणून निवृत्त झालेला. चाळीस वर्षं लोकांचे अर्ज तपासल्यामुळे चेहरा पाहून माणूस सांगता येतो, अशी त्याची पक्की समजूत होती.

मास्तरणीने शिकवणीसाठी नवी गाडी घेतली आणि जुनी विकायला काढली. जाहिरात टाकल्यावर आठवडाभर नुसते चौकशीखोर आले. कोणी अर्ध्या किमतीत मागायचं, कोणी फक्त चक्कर मारायला यायचं. मग एका शनिवारी सकाळी एक जोडपं आलं. नवरा गोड बोलणारा, इस्त्रीच्या शर्टातला. बायको पोटावर हात ठेवून सावकाश चालत होती. सातवा महिना, म्हणाली. मास्तरणीने शेजारी बसून त्याला गाडी चालवू दिली. त्याने फारशी घासाघीस केली नाही. सौदा ठरला.

त्याने तिथेच फोनवर बोटं फिरवली आणि पडदा तिच्यासमोर धरला. हिरवी खूण, तिचं नाव, रक्कम, सगळं चोख.

"पैसे पाठवले, ताई. रक्कम मोठी आहे ना, म्हणून बँक दोन-तीन तास लावते."

"लावू दे की. माझ्या खात्यात दिसले की किल्ली तुमची."

"म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे, तुमच्या फोनवर नाही," ती हसून म्हणाली.

दादा मागे उभा होता. त्याला हे फार लागलं. पाहुण्यांसमोर आपल्या घरची बाई असं बोलते म्हणजे काय! त्याने जोडप्याला आग्रह करकरून वर चहाला नेलं. मास्तरणीची बाराची शिकवणी होती. निघताना तिने जिन्यातून हाक मारून दादाला बजावलं, "मी येईपर्यंत गाडी द्यायची नाही. येताना बँकेत विचारून येते."

"जा गं तू. आम्ही काय लहान आहोत?"

किल्ली तिच्या स्वयंपाकघरातल्या खणात होती. दाराला कुलूप होतं. त्या कुलपाची दुसरी किल्ली दादाकडे होती, अडीअडचणीला म्हणून.

बँकेत खिडकीतल्या मुलीने दोनदा तपासलं. "उशीर वगैरे काही नाही हो. तुमच्या नावावर कोणी काही पाठवलेलंच नाही." मास्तरीण तडक घरी आली. फाटकाजवळची जागा रिकामी होती. फरशीवर तेलाचा काळा डाग तेवढा उरला होता.

दादा हसतमुखाने जिना उतरून आला. "दिली बुवा गाडी. अगं, त्या पोरीच्या पोटात दुखायला लागलं. नवरा घाबराघुबरा झाला. दवाखान्यात न्यायला वाहन नको? आणि पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेसेज दाखवला त्याने मला."

"माझ्या पैशांचा मेसेज त्याच्या फोनवर कसा येईल, दादा?"

दादाचं हसू जागच्या जागी विरलं. तिने त्या माणसाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पोलीस ठाण्यात एक अधिकारी बाई होत्या. समोर फायलींचा ढीग, टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. त्यांनी कागद ओढला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "किल्ली कोणी दिली?"

मास्तरणीने तोंड उघडायच्या आत दादा बोलला, "मी दिली, पण हिच्याच सांगण्यावरून. जाताना म्हणाली, पैसे आल्याचं त्यांनी दाखवलं की देऊन टाक."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. दादा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

"खोटं आहे हे," ती म्हणाली. "साफ खोटं. मी नको म्हणून बजावलं होतं. हा माझं कुलूप उघडून आत गेला."

"तिला धक्का बसलाय," दादा समजूतदार आवाजात म्हणाला. "आठवत नाहीये तिला."

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "एका घरातली दोन माणसं, दोन जबाब. सही केली होती का कागदांवर? नाही? ते एक बरं केलंत. तक्रार घेते मी. पण खरं सांगू? तुम्ही राजीखुशीने ताबा दिलात असं दिसतंय. तो उद्या म्हणेल, गाडी विकत घेतली, पैसे तेवढे द्यायचे राहिले. आधी घरात काय ते ठरवा."

बाहेर फुटपाथवर आल्यावर मास्तरणीचा बांध फुटला.

"तू आत माझ्या तोंडावर खोटं बोललास!"

"हळू. लोक बघताहेत."

"बघू देत! गाडी गेली ती गेली. पण मला वेडी ठरवलंस? धक्का बसलाय म्हणे!"

"मग काय लिहून देऊ? बहिणीच्या घरात शिरून किल्ली उचलली म्हणून? चाळीस वर्षांत माझ्यावर एक डाग नाही."

"तो डाग माझ्यावर पुसलास म्हणून नाही!"

फळं घ्यायला थांबलेल्या दोन बायका पिशव्या हातात धरून ऐकत उभ्या राहिल्या. मास्तरणीला त्याची शुद्ध नव्हती. दादा रिक्षा करून एकटाच निघून गेला. ती चालत घरी आली, वाटेत कुलूपवाल्याला घेऊनच. संध्याकाळच्या आत तिने दाराचं कुलूप बदललं. वरून दादा ते बघत होता, आणि आपण बघतोय हे तिला दिसावं अशाच बेताने उभा होता. तीही ठोकाठोक मुद्दाम जोरात करायला सांगत होती.

चार दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. पाचव्या दिवशी शिकवणीला एक दातांची डॉक्टर होती. हात सोन्यासारखा, पण चढ आला की गाडी बंद पाडायचीच. त्या दिवशी तिसऱ्यांदा गाडी बंद पडली आणि मास्तरीण खेकसली, "क्लच आहे तो, दाढ नाही उपटायला!"

डॉक्टरीणबाईंनी हँडब्रेक ओढला. मागे चार गाड्या भोंगे वाजवत होत्या. "ताई, तुम्ही कधी ओरडत नाही. झालंय काय?"

त्या चढावरच मास्तरणीने सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज थरथरत होता, रडण्याने नव्हे. डॉक्टरीणबाई ऐकून म्हणाल्या, "तो गाडी ठेवून थोडाच घेणार? विकणार. जाहिराती बघत राहा. मीही बघते."

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत एका हातात पोळी आणि दुसऱ्यात फोन असं सुरू झालं. शंभरेक गाड्या पाहिल्या असतील. नवव्या दिवशी ती दिसली. नंबर वेगळा, सीटना नवी कव्हरं. पण आतल्या फोटोत शिकवणाऱ्याच्या सीटपुढची रबरी चटई जरा सरकलेली होती आणि खाली तळाला दोन गोल निळी बुचं दिसत होती. शिकवणाऱ्याच्या पायाखाली असतात ते जादा ब्रेक आणि क्लच तिने विकण्याआधी काढून घेतले होते, आणि ती भोकं स्वतः बुचं बसवून निळ्या रंगाने रंगवली होती, घरात तेवढाच रंग शिल्लक होता म्हणून. अशी निळी बुचं जगात दुसऱ्या कुठल्या गाडीला असणार?

ती फोटो घेऊन ठाण्यात गेली. अधिकारी बाईंनी तो मोठा करून पाहिला. "गाडी तुमचीच, मान्य. पण तुमच्या भावाचा जबाब आडवा येतोय. तो आहे तसा राहिला तर मी ह्याला पकडेन आणि त्याचा वकील दुपारी सोडवून नेईल."

मास्तरीण घरी आली आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच जिना चढून वर गेली. दादा वर्तमानपत्र वाचत होता. वहिनी मटार सोलत बसली होती.

"गाडी सापडलीये. चल, जबाब बदल."

दादाने पान उलटलं. "एकदा दिलेला जबाब असा बदलता येत नाही. मीच अडकेन."

"खोटं बोलताना नाही अडकलास?"

"मोठ्या भावाशी बोलतेस तू."

"मोठा भाऊ असतास तर तिथेच खरं बोलला असतास!"

"मी देते जबाब," वहिनी म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. वहिनी घरात असायची, पण भांडणात कधी नसायची. तिने मटाराचं ताट बाजूला सारलं. "जबाब माझा कोणी घेतलाच नाही. मी जिन्यात उभी होते. तुम्ही खालचं कुलूप काढलंत ते या डोळ्यांनी पाहिलं. थांबा, तिला येऊ दे, असं म्हणालेही. तुम्ही काय म्हणालात? तुला व्यवहारातलं काय कळतं! बरं, नाही कळत. पण पाहिलेलं सांगता येतं मला."

"तू माझ्याविरुद्ध जाणार?"

"मी ठाण्यात जाणार," वहिनी म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

दोघी निघाल्या. ठाण्याच्या बाकावर बसून दहा मिनिटं झाली असतील, दादा आला. शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलेलं. अधिकारी बाईंनी त्याचा नवा जबाब लिहून घेतला आणि तोच त्याला मोठ्याने वाचायला लावला. "बहिणीने स्पष्ट मनाई केली असताना..." इथे त्याने पाणी मागितलं. पाणी पिऊन त्याने पुढचं वाचलं. मास्तरणीला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. तसं काही झालं नाही. इतकं सोपं होतं हे, मग त्या दिवशी का नाही केलं, या विचाराने ती जास्तच भडकली.

जाहिरातीतल्या नंबरवर फोन डॉक्टरीणबाईंनी केला. रोख देते म्हटल्यावर माणूस लगेच तयार झाला. बाजाराजवळच्या मोकळ्या वाहनतळावर भेट ठरली. साध्या कपड्यांतल्या अधिकारी बाई डॉक्टरीणबाईंची थोरली बहीण बनून गेल्या. मास्तरणीला रस्त्यापलीकडे पोलिसांच्या एका साध्या गाडीत बसवलं होतं आणि हलायचं नाही असा हुकूम होता.

नवराबायको दोघं आली. बायको तरातरा चालत होती, पोट सपाट. डॉक्टरीणबाईंनी बॉनेट उघडायला लावलं, टायरना लाथा मारून पाहिल्या, भलतीच हौस दाखवली. कागद मागताच माणूस चाचपडायला लागला. तेवढ्यात त्याच्या दंडावर अधिकारी बाईंचा हात पडला.

मास्तरीण हुकूम विसरली. दार उघडून रस्ता ओलांडून आली. तिला पाहून माणूस म्हणाला, "ताई, गैरसमज होतोय. पैसे पाठवणारच होतो मी."

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती बायकोसमोर उभी राहिली. "बाळ कसं आहे?"

बायकोने मान खाली घातली.

"विचारतेय मी. दवाखान्यात वेळेवर पोचलात ना? माझ्याच गाडीतून गेलात, मला कळायला नको?"

"पुरे आता," अधिकारी बाई म्हणाल्या, पण हळूच.

गाडी पुरावा म्हणून दोन महिने ठाण्याच्या आवारात उन्हात पडून राहिली. परत मिळाली तेव्हा बॅटरी मेलेली, दोन टायर बसलेले. मास्तरणीने ती नीट करून पुन्हा विकायला काढली. या खेपेला एक बेकरीवाला आला, हाताच्या रेषांतही पीठ असलेला. गाडी पाहून झाल्यावर तिने आपल्या अटी सांगितल्या. व्यवहार बँकेत होईल. पैसे खात्यात आले आणि आता ते मागे फिरत नाहीत असं खिडकीतल्या मुलीने सांगितलं, की मग सही. सही झाली की किल्ली. तो रागावेल म्हणून ती भांडायच्या तयारीनेच उभी होती.

बेकरीवाल्याने सुस्कारा सोडला. "मीच हे म्हणणार होतो, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो. मागे मी पैसे आधी दिले आणि गाडी आलीच नाही."

बँकेत चाळीस मिनिटं लागली. कोणाचाही अपमान झाला नाही.

संध्याकाळी दादाकडे कचेरीतले जुने मित्र आले होते. मास्तरीण खाली भाजी चिरत होती. वरून त्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. "मला संशय आलाच होता हो. चेहऱ्यावरच लिहिलेलं असतं. मग आम्ही सापळा लावला..."

तिने सुरी ठेवली, हात धुतले आणि वर गेली.

"आम्ही म्हणजे कोण, दादा?"

तिघे पाहुणे कप हातात धरून थबकले. दादा कसनुसं हसला. "ये, ये. हीच माझी बहीण. आता पाहुण्यांसमोर..."

"पोलिसांसमोर मला वेडी ठरवलंस, तेव्हा कोण समोर बसलंय ते पाहिलं नाहीस. आता का?" तिचा आवाज चढला नव्हता. पाहुण्यांकडे वळून तिने नव्या शिकाऊला सांगावं तसं सगळं क्रमाने सांगितलं. कुलूप कोणी उघडलं, जबाब काय दिला, तो कोणामुळे बदलला, सापळ्यात कोण होतं. मग ती दादासमोर उभी राहिली. "यातलं काही चुकलं असेल तर सांग."

एक पाहुणा बिस्किटाकडे टक लावून बसला होता. वहिनीने आतून एक खुर्ची आणून मास्तरणीच्या मागे ठेवली. आणि नवऱ्याकडे बघत उभी राहिली.

"नाही," दादा शेवटी म्हणाला. "असंच झालं. तिने नको सांगितलं होतं. मीच दिली."

मास्तरीण खुर्चीवर बसली. वहिनीने तिच्यापुढे चहा ठेवला. दादाला त्या दिवशी माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि पुढेही बरेच महिने तिने केलं नाही. पण चहा गरम होता, तो तिने संपवला, आणि पाहुणे उठेपर्यंत ती तिथून हलली नाही.