जुना काढून जुनाच

मोजणीदारांनी श्वास रोखून सुई टेकवली, हलकेच रेटली, आणि वाकलेली पिन सरळ व्हायच्या ऐवजी तुटून टेबलावर पडली. केसाएवढी बारीक, सोनेरी. एवढ्या मोठ्या नुकसानीचा निदान टक् असा आवाज तरी व्हायला हवा होता, असं त्यांना वाटून गेलं.

बायकोचा लॅपटॉप समोर पालथा, पोट उघडं टाकून पडला होता. जुना प्रोसेसर काढून बाजूच्या रुमालावर ठेवलेला. नवा हातात. नवा म्हणजे मेहुण्याने कुठल्याशा बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढून आणलेला, पण जुन्याच्या दुप्पट दमाचा. त्याच्या खालच्या अंगाला शेकडो पिना. त्यातली एक गेली की बाकीच्या असून नसल्यासारख्या.

जन्मभर लोकांच्या जमिनी मोजून झाल्यावर निवृत्तीनंतर मोजणीदारांच्या हाती घर तेवढं उरलं होतं. घराने आजवर पुष्कळ सोसलं होतं. बायको शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासून देत असे. चित्रांनी फुगलेली फाइल उघडायची म्हटलं की पडद्यावर चक्र फिरत राहायचं. ती बिचारी शेजारी लोकर घेऊन बसायची आणि चक्र थांबेपर्यंत नातवाचा स्वेटर विणायची. मुलगी म्हणाली होती, आई, नवाच घे. त्यावर मोजणीदार मेहुण्यादेखत बोलून बसले की नवा कशाला, प्रोसेसर बदलला की झालं, मी बदलतो.

मेहुण्याचं पोट हसताना त्याच्याआधी हलायचं.

"भाऊजी, जमिनीचं वेगळं, ह्याचं वेगळं. तिथे हद्द चुकली तर शेजारी भांडायला येतो. इथे चुकली तर थेट मयतच."

"करतील ते," बायको म्हणाली होती. "स्वयंपाकघरातली फळी नाही का किती छान बसवली."

त्या फळीवर मोजणीदार गेली काही वर्षं जगत होते. कार्यालयाने निरोपाच्या दिवशी हार घातला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीवर दुसरा बसवला, तेव्हापासून त्यांना बरं म्हणणारं माणूस एकच उरलं होतं.

आता बायको बाजारातून यायच्या आत काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी जुना प्रोसेसर उचलला. परत बसवायचाच, तर घाण तरी कशाला ठेवा, म्हणून त्याच्यावरची उष्णता बाहेर नेणारी, पण चुन्यासारखी वाळलेली पेस्ट खरवडून पुसली आणि नवी लावली. पंख्याच्या तोंडाशी धुळीचा थर गोधडीसारखा जमला होता, तो चिमट्याने ओढून काढला. स्क्रू आवळले. बटण दाबलं. लॅपटॉप सुरू झाला. नवा प्रोसेसर चष्म्याच्या घरात गेला आणि चष्म्याचं घर खिशात.

आल्या आल्या तिला सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण ती पिशवी ठेवून आधी लॅपटॉपकडेच गेली. फाइल उघडली.

"अगंबाई," ती म्हणाली, "पळतोय की हो."

मोजणीदारांनी खिशातल्या चष्म्याच्या घरावर हात ठेवला.

"खरंच?"

"खरंच काय विचारता? या, बघा."

"इथून दिसतंय," ते म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

आत गेल्यावर मात्र त्यांनी पेला भरला आणि तसाच ओट्यावर ठेवला. आत घोडा तोच जुना, आणि ही म्हणते पळतोय. म्हणजे हिच्या कौतुकाचं वजन किती धरायचं? त्यांनी मागचा हिशोब काढला. दारावरची घंटा लावली तेव्हा ही म्हणाली होती, सुरेख वाजते. निरोपसमारंभातल्या त्यांच्या भाषणाबद्दल म्हणाली होती, एकालाही जांभई आली नाही. आणि ही फळी. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून फळीवर आडवी ठेवली. पेन्सिल क्षणभर विचार करत थांबली आणि मग सावकाश डावीकडे घरंगळत गेली. शेताला उतार किती हे बांधावरून नुसत्या नजरेने सांगणारा माणूस, आणि घरच्या फळीला उतार.

त्यांनी डावीकडच्या टोकाची बरणी उचलली. तिच्याखाली पुठ्ठ्याची घडी होती. कडा झिजून मऊ झालेल्या. म्हणजे कालपरवाची नव्हे, पहिल्या दिवसापासूनची.

त्यांनी बरणी जागेवर ठेवली.

पुढचे काही दिवस मोजणीदार घरात पाहुण्यासारखे वावरले. नळ गळत होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. बायकोने दोनदा विचारलं, पोट बरं आहे ना. मेहुण्याचा फोन आला.

"काय भाऊजी, पेशंट जिवंत आहे का?"

बायकोने फोन त्यांच्या हातातून घेतला. "अरे, वाऱ्यासारखा पळतोय. उगाच हसत होतास."

भावालासुद्धा, मोजणीदारांच्या मनात आलं. नवऱ्याची लाज राखायला सख्ख्या भावालाही थापा. त्यांना तिचा राग यावा असं वाटत होतं, आणि तो काही केल्या येत नव्हता. त्यामुळे जास्तच त्रास होत होता.

एका दुपारी ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. मोजणीदार तिच्या खुर्चीशेजारून जाता जाता थांबले. टोपलीत स्वेटर पडला होता. बाही कोपरापर्यंत आलेली, सुया त्यात खोचलेल्या. त्यांनी वाकून पाहिलं. ज्या दिवशी पिन तुटली त्या दिवशीही बाही कोपराशीच होती. हे त्यांना पक्कं आठवत होतं, कारण जागा करायला टोपली त्यांनीच टेबलावरून खाली ठेवली होती. मग त्यांनी बाहीवर वीत ठेवली. मोजल्याशिवाय विश्वास ठेवायची सवय नव्हती. तेवढ्या दिवसांत एक ओळसुद्धा पुढे सरकली नव्हती.

ते खुर्चीत बसले. फाइल उघडली. चक्र फिरायला लागलं न लागलं तोच पान समोर. पुढचं पान. त्याच्या पुढचं. पत्ते पिसावेत तशी पानं पडत होती. त्यांनी लॅपटॉपखाली तळहात घातला. पूर्वी इथे तव्यासारखं तापायचं. आता मांजराच्या पोटाइतकंच ऊबदार. पंखा शांत होता. चिमट्यातून निघालेली ती धुळीची गोधडी त्यांच्या डोळ्यांसमोर आली.

बायको रिकामी बादली घेऊन दारात उभी होती.

"उठा. उद्या पुस्तक पाठवायचंय."

ते उठले. ती बसली. चष्म्याचं घर काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि उघडलं.

"अगं, हा नवा. ह्याचा पाय मोडला माझ्या हातून. तुझ्या लॅपटॉपमध्ये जुनाच आहे."

तिने प्रोसेसर बोटावर घेऊन उजेडात धरला.

"मग पळतोय कसा?"

"धूळ काढली. गुदमरला होता."

"म्हणजे जुन्यात दम होता."

"होता म्हणायचा."

प्रोसेसर चष्म्याच्या घरात ठेवून तिने झाकण लावलं.

"तरी म्हटलं हे असे का फिरताहेत. मला वाटलं, पोट."

"तुझ्या भावाला काय सांगायचं?"

"पळतोय म्हणून सांगितलंय ना? त्यात खोटं काय आहे?" तिने पान उलटलं. "नातवाला मात्र तुम्हीच तोंड द्या. आधी फाइल उघडेपर्यंत दोन ओळी व्हायच्या. आता मान वर करायला उसंत नाही. थंडी सरेल तरी बाही व्हायची नाही."

इतकं कौतुक मोजणीदारांच्या वाट्याला निरोपाच्या दिवशीही आलं नव्हतं. ते स्वयंपाकघरात गेले. खणातून पाना, स्क्रू ड्रायव्हर, पातळी जोखायची पाण्याची नळी असं सगळं काढलं. डाव्या टोकाची बरणी उचलली, पुठ्ठा बाजूला घेतला आणि फळीचा पहिला स्क्रू सैल करायला घेतला.

"अहो," बाहेरून आवाज आला. कळफलकावरची बोटं थांबली नव्हती. "फळीला हात लावू नका. सरळ आहे ती."

मोजणीदार स्क्रूवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी स्क्रू होता तसा आवळला, पुठ्ठ्याची घडी नीट जुळवली आणि बरणीखाली परत सरकवली.

"हो," ते म्हणाले. "सरळ आहे."