मागच्या दाराचा फोटो

मी कॅमेरा बोलतोय. जरा हळूच बोलतो, आणि त्या गावाचं नाव मात्र सांगणार नाही. तीस वर्षं होत आली, पण माझी भीती अजून गेलेली नाही.

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यातला. पण जग कळायला लागलं ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लोर्ना टीगच्या हातात. लोर्नाने तीस वर्षं काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात जमिनीचे दस्तऐवज टाइप केले होते. ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या नवऱ्याने, वेंडेलने, मला एका जुन्या सामानाच्या दुकानातून आणलं आणि विचारलं, कुठे जायचं फिरायला? समुद्रावर?

"कोर्टं बघायला," लोर्ना म्हणाली. "एकशे पाच काउंट्या, एकशे पाच कोर्टं. सगळ्यांचे फोटो."

"तीस वर्षं कोर्टात बसून पोट भरलं नाही का तुझं?" वेंडेल म्हणाला. पण तो दर गुरुवारी आपलं न्हाव्याचं दुकान बंद करून गाडी काढू लागला. मैलोन्‌मैल गव्हाची शेतं, मग लांबून धान्याचं कोठार दिसायचं, मग कोर्टाचा मनोरा. लोर्ना इमारतीला चारही बाजूंनी फेरी मारायची. वेंडेल बाकावर बसून अनोळखी माणसांशी गप्पा मारायचा. न्हाव्याची जीभ ती. पाच मिनिटांत तो समोरच्याला आपल्या गुडघेदुखीपासून पुढच्या मुक्कामापर्यंत सगळं सांगून मोकळा व्हायचा.

त्या जूनमध्ये माझ्या पोटातल्या रिळावर आठ कोर्टं जमली होती. नववं त्या गावातलं. पुढची बाजू सावलीत होती, म्हणून लोर्ना मागे गेली. मागच्या दारावर दगडात कोरलेली गव्हाची कणसं होती आणि त्यांवर ऊन पडलं होतं. तिने मला डोळ्याला लावलं, बटण दाबलं. त्याच क्षणी दार उघडून एक तरुण बाई बाहेर आली. पायऱ्यांखाली तिची निळी गाडी होती, आत मागच्या सीटवर एक लहान मुलगी.

माझा आवाज फार बारीक आहे. तरी तिने तो ऐकला. ती जागीच खाली बसली.

"तुम्हाला कोणी पाठवलं?" तिने विचारलं.

लोर्ना तिच्या शेजारी पायरीवर बसली. आपण कोण, कशाला आलो, सगळं सांगितलं. तेव्हा ती बाई हळूहळू बोलू लागली. तिच्या दिराने एका शेजाऱ्याचं घर पेटवलं होतं, आत माणूस असताना. तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढच्या आठवड्यात तिची साक्ष होती. ती आता दुसऱ्या गावात राहत होती, गाडीही बदलली होती, आणि दिराची माणसं तिचा माग काढत होती.

"गाडीचा नंबर आला का फोटोत?"

"आला असेल," लोर्ना म्हणाली. ती खोटं बोलू शकली असती. "पण हा फोटो कोणी बघणार नाही. मी शब्द देते."

त्या बाईने नाव सांगितलं नाही. गाडी निघून गेली. लोर्नाने मला छातीशी धरलं.

दुपारी गावाबाहेरच्या हॉटेलात ती हात धुऊन परत आली, तर वेंडेल एका खाकी टोपीवाल्याबरोबर चेरीची पेस्ट्री खात होता. माणूस मोठा अदबशीर. मागच्या दाराशी फोटो काढताना त्याने आम्हाला लांबून पाहिलं होतं म्हणे. तो त्याच गावचा, त्याला त्या इमारतीचा फार लळा. ते रीळ तो विकत घ्यायला तयार होता. लोर्नाने वेंडेलचा दंड धरला आणि त्याला पेस्ट्री अर्धी टाकून उठवलं.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "आपण कुठल्या रस्त्याने जाणार ते सांगितलंस?"

वेंडेल गप्प राहिला. तो गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग म्हणाला, "सांगितलं."

मागे पांढरा ट्रक होता. कॅन्ससचा रस्ता सरळ असतो, लपायला वळणसुद्धा नाही. वेंडेलने वेग वाढवला की तो वाढवायचा, कमी केला की कमी. लोर्नाने मला मांडीवर घट्ट धरलं होतं. तासाभराने पेट्रोल संपत आलं आणि थांबावंच लागलं.

पंपावर भर ऊन होतं. टोपीवाला चालत आला. आता त्याने हसणं सोडलं होतं.

"बाई, रीळ द्या. मला भांडायचं नाही."

वेंडेल मध्ये उभा राहिला. त्या माणसाने त्याला हाताने बाजूला सारलं आणि माझा पट्टा पकडला. त्याचा जाड अंगठा माझ्या मागच्या झाकणाच्या खिटीवर रुतला, ती वाकली. आत रीळ असताना उजेड शिरला की सगळं जळतं. आम्हा कॅमेऱ्यांना मरणाहून त्याची भीती. मी मनात लोर्नाला हाका मारत होतो: सोडू नकोस मला.

"थांबा, मीच देते," लोर्ना म्हणाली.

आणि तिने स्वतःच्या हाताने माझी पाठ उघडली. दुपारचं सगळं ऊन माझ्यात घुसलं. तिने रीळ धरून ओढलं, हातभर, दोन हात, शेवटपर्यंत, आणि ती भुरी फीत त्याच्या हातात ठेवली.

"घ्या. हे तुमचं रीळ."

पंपावरचा माणूस दारात येऊन उभा राहिला होता. टोपीवाल्याने फितीकडे पाहिलं, ती जमिनीवर टाकली, आणि ट्रक निघून गेला. लोर्नाने माझी पाठ बंद केली. वेंडेल रडत होता.

ती फक्त एवढंच म्हणाली, "आठ कोर्टं पुन्हा करावी लागतील."

दोन आठवड्यांनी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: साक्षीदार बाई कोर्टात उभी राहिली. नाव छापलं नव्हतं.

आठही कोर्टं आम्ही पुन्हा केली. त्या गावात मात्र परत गेलो नाही. वेंडेल जाऊन सहा वर्षं झाली. लोर्ना नव्वदीला आली आहे, मी तिच्या कपाटात असतो. माझ्या पोटात आता काही नाही, तरी कोणाचा अंगठा मागच्या खिटीकडे गेला की मी आक्रसतो. तुमच्या हातात माझ्यासारखा कोणी असेल, तर एकच विनवणी. बटण दाबण्याआधी दारातून कोण येतंय ते बघा.

कधी पाहुणे आले की लोर्ना फोटोंची वही काढते. एकशे चार फोटो आणि एक कोरं पान. इथला कुठे गेला, असं कोणी विचारतंच.

"तो नीट आला नाही," ती सांगते आणि पान उलटते.